दुधाळ पाणी

दुधात पाणी घालणारा माणूस चेहऱ्यावरून ओळखू येत नाही, एवढं मी दूध संकलन केंद्रात शिकले. उलट जो जास्त देवमाणूस दिसतो, त्याचा कॅन मी आधी उघडते. सकाळी रांग लागते आणि मी प्रत्येकाच्या दुधात लॅक्टोमीटर सोडते. काचेची बारीक नळी असते ती, खालून फुगीर. चांगल्या दुधात वर तरंगते, पाणी घातलं की खाली उतरते. ती कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही आणि मीही ठेवत नाही. केंद्रात मला पाठीमागे ‘दुर्बीण’ म्हणतात. मला ते माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे.

म्हणून आमच्या बाहेरच्या खोलीतल्या टाकीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं, तेव्हा मी आधी घरातल्या माणसांकडे बघितलं आणि मग पाण्याकडे.

टाकी नवऱ्याची. नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करतो आणि एके काळी दारू पीत होता. दारू सुटून दोन वर्षं होत आली होती. ज्या गटात ते दर आठवड्याला जातात, तिथल्या बाईंनी सांगितलं होतं की संध्याकाळी हात रिकामे ठेवू नका. तिथल्या एकाने कुंड्या धरल्या, एकाने सुतारकाम. आमच्याकडे थेट समुद्र आला. भिंतीभर काच, तळाला वाळू, मधोमध छिद्रंछिद्रं असलेले खडक, त्यांवर चिकटवलेले बोटाएवढे जिवंत प्रवाळ आणि दोन केशरी मासे. मीठसुद्धा वेगळं, बादलीने येणारं. स्वयंपाकघरातलं मीठ का चालत नाही, हे मला तीनदा समजावून झालं आणि तीनदा पटलं नाही. पण कामावरून आलेला माणूस बाहेर न जाता बादलीत मीठ ढवळत बसतो, याला माझी काय हरकत असणार? सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं.

दारू सुटली तेव्हा मी एकच गोष्ट सांगितली होती. पुन्हा एक घोट घेतलात तर लेकीला घेऊन भावाकडे जाईन आणि परत येणार नाही. भांडून सांगितलं नव्हतं, भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. म्हणूनच त्यांना ते खरं वाटलं. सासूबाई शेजारीच होत्या. त्या माझ्याच बाजूच्या. त्या वाईट काळात घरात लपवलेल्या बाटल्या आम्ही दोघींनी मिळून शोधल्या आणि बाल्कनीतल्या कुंड्यांत ओतल्या होत्या. एकही झाड वाचलं नाही. नवरा वाचला, म्हणून झाडांचं कुणी मनावर घेतलं नाही.

तर पाणी. टाकी भरली तेव्हा पहिले एक-दोन दिवस ते गढूळ होतं, पण ती नव्या वाळूची धूळ होती आणि ती बसली. मग चांगलं आरशासारखं झालं. प्रवाळ फुलायला लागले, मासे जागा ठरवून राहायला लागले. आणि मग एका सकाळी पाणी पांढुरकं दिसलं. दुसऱ्या दिवशी जास्त. तिसऱ्या दिवशी मागचे खडक दिसेनात.

माशांच्या दुकानाचा मालक आला. त्याला मी मासेवाला म्हणते आणि तो चिडतो, म्हणतो, “वहिनी, मी विकतो ते खायचे नसतात.” त्याने काचेवर नखाने टकटक केलं आणि वाळू उडाली असेल म्हणाला. गाळणीसाठी कापूस विकून गेला. काही फरक पडला नाही. मग म्हणाला, मीठ नीट विरघळत नसेल. नवरा आदल्या दिवसापासून बादलीत छोटा पंप लावून मीठ ढवळू लागला. फरक शून्य. मग मासेवाल्याने सासूबाईंकडे पाहिलं.

“आजी, तुम्ही खायला जास्त घालता का त्यांना?”

“मी कशाला घालू? माझा काय संबंध?” सासूबाई इतक्या पटकन म्हणाल्या की मला जरा नवल वाटलं. मग वाटलं, नातवाच्या वयाच्या माणसाने चोर ठरवलं तर कुणालाही झोंबेल.

मी माझ्या पद्धतीने तपासलं. टाकीतलं पेलाभर पाणी काढून ओट्यावर झाकून ठेवलं. धूळ असती तर दुसऱ्या दिवशी तळाला बसली असती. ती बसली नाही. पेला होता तसाच दुधाळ. म्हणजे हे माती-मिठाचं काम नव्हतं. पाण्यात काहीतरी जिवंत वाढत होतं आणि त्याला कुठून तरी खायला मिळत होतं. पाणी कुठंतरी मुरतंय, हे माझ्या मनाने तेव्हाच घेतलं.

टाकीखालच्या कपाटात मी जुना टॉवेल शोधत होते. मिठाची बादली सरकवली तर मागे व्होडकाची बाटली. मी तिथेच फरशीवर बसले.

ते कामावरून आले तेव्हा बाटली जेवणाच्या टेबलावर होती. सासूबाई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. नवऱ्याने बाटली बघितली, मला बघितलं आणि हातातली हत्यारांची पिशवी हळूच खाली ठेवली.

“ती टाकीसाठी आहे,” ते म्हणाले.

“मासे पितात?”

“मासे नाही, पाण्यातले जिवाणू. रोज थोडे थेंब घालायचे. ते दारू खाऊन वाढतात आणि वाढताना पाण्यातली घाण खातात. मग तो स्किमर आहे ना, फेस काढायचं यंत्र, तो त्यांना बाहेर काढतो. दुकानात विचार हवं तर.”

मी त्यांच्यासमोरच फोन लावला. मासेवाला म्हणाला, “हो वहिनी, करतात लोक. थेंबच हं, जास्त नाही. व्हिनेगरही चालतं.”

“व्हिनेगर चालतं?”

“चालतं की. तेच काम होतं.”

मी फोन ठेवला. “व्हिनेगर चालतं,” मी म्हटलं. “ओट्याखाली अख्खी बाटली आहे व्हिनेगरची. मग ही कशाला आणली?”

नवरा खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, “बाटली घरात असावी आणि मी तिला हात लावावा तो फक्त थेंब मोजायला. एवढं मला जमतं का, ते बघायचं होतं. तुला सांगितलं असतं तर तू आणूच दिली नसतीस.”

वाक्य चांगलं होतं. पण चांगली वाक्यं मी रोज रांगेत ऐकते. म्हैस आजारी होती, कॅन धुतला तेव्हा पाणी राहिलं असेल, पोरांची शपथ. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं तोंड वर्षानुवर्षं पोळलेलं होतं. मी नखाला लावायचा रंग आणला आणि बाटलीवर दारूच्या पातळीला लाल रेघ मारली.

“ठेवा जागेवर,” मी म्हटलं. “रेघेखाली किती जातं ते मी बघेन.”

“बघ,” ते म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. सासूबाईंनी तेवढ्यात एका चादरीची घडी दोनदा मोडून पुन्हा घातली.

मी बाटली रोज बघत होते. रेघेपासून अगदी किंचित खाली, थेंबांच्याच हिशेबाने. मला हायसं वाटायला हवं होतं. पण पाणी पांढरंच, आणि नवरा दिवसेंदिवस विचित्र वागायला लागला.

आमच्यात एक रीत होती. ते कामावरून आले की दारातच माझ्यासमोर उभे राहायचे आणि मी वास घ्यायची. सुरुवातीला मी मागून घेतलेला हक्क होता तो, पुढे ते स्वतःच गाल पुढे करून “घ्या तपासून, साहेब” म्हणायचे आणि लेक हसायची. आता ते मान वळवून थेट न्हाणीघरात जायला लागले. एकदा त्यांनी सासूबाईंना विचारलेलं मी ऐकलं, “आई, काल रात्री मी झोपलो होतो तेव्हा मधे उठलो होतो का?” सासूबाई म्हणाल्या, “मला नाही बाबा माहीत.” मनात शंकेची पाल नुसती चुकचुकत नव्हती, घर करून बसली होती.

आणि मग मी ते पाहिलं. दार अर्धवट उघडं होतं. नवरा टाकीसमोर उकिडवा बसला होता. बाटलीचं झाकण उघडं, बाटली नाकाशी, डोळे मिटलेले. बराच वेळ तसाच. मग झाकण लावून बाटली आत ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

ते बाहेर गेल्याबरोबर मी बाटली काढली. पातळी बरोबर होती. पण पातळीवर विश्वास ठेवणारी मी कोण? पातळी बरोबर ठेवायची म्हणूनच तर लोक दुधात पाणी घालतात. कपाटातून माझा जुना लॅक्टोमीटर काढला, उंच बरणीत बाटली रिकामी केली आणि नळी आत सोडली. दारू पाण्यापेक्षा हलकी असते. खरी व्होडका असती तर नळी गटकन तळाला गेली असती. ती गेली नाही. पाण्याच्या खुणेच्या जरासं खाली उतरली आणि तरंगत राहिली.

बाटलीत जवळजवळ नुसतं पाणी होतं.

हा त्यांचा जुना खेळ होता. प्यायचं आणि तेवढंच पाणी भरून ठेवायचं. माझ्या लाल रेघेला त्यांनी बरोबर मान दिला होता. मी ते सगळं परत बाटलीत ओतलं, बाटली जागेवर ठेवली आणि माळ्यावरून मोठी बॅग काढली. रडू आलं नाही. राग आला, आणि रागाखाली जी भीती असते तीही आली. दोन वर्षं मी हळूहळू या माणसावर पुन्हा प्रेम करायला लागले होते. तेवढ्याचंच मला वाईट वाटत होतं.

सासूबाईंनी बॅग बघितली. “कुठे?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला माहीत आहे कुठे,” मी म्हटलं. “उद्या सुट्टी आहे त्यांना. तोंडावर सांगून जाणार.” त्या काही बोलायला गेल्या, पण मी ऐकायला थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगण्याची वेळच आली नाही. मासे पाण्याच्या वरच्या कडेला येऊन तोंड उघडत-मिटत होते. नवऱ्याने मासेवाल्याला बोलावलं. तो आला, आणि या वेळी त्याने काही विकायला काढलं नाही. स्किमरचा पेला उघडला तर तो फेसाने भरून ओतू चालला होता. त्याने फेसात बोट घातलं, हुंगलं आणि नवऱ्याकडे वळला.

“साहेब, रोज किती घालता?”

“तुम्ही सांगितलेत तेवढे थेंब.”

“थेंबांनी हे होत नाही. जिवाणू इतके माजलेत की माशांना हवा उरली नाही. रागावू नका, पण कुणीतरी इथे दारू चांगली पेल्यापेल्याने ओततंय.”

“कुणी ओतत नाहीये,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. “बाटलीत पाणी आहे. मी तपासलंय. दारू यांच्या पोटात गेली आणि पाणी बाटलीत आलं. बॅग भरलीय माझी.”

परक्या माणसासमोर असं बोलू नये. पण मी बोलले. मला वाटलं, आता ते शपथ घेतील, आवाज चढवतील, पोरीला मधे आणतील. मी उत्तरं तयार ठेवली होती.

नवरा स्टुलावर बसला. “मला माहीत आहे,” ते म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“की पाणी आहे. चार-पाच दिवसांपूर्वी थेंब काढताना वासच आला नाही. मग रोज नाक लावून बघत होतो.” ते माझ्याकडे बघत नव्हते, गुडघ्यांकडे बघत होते. “पूर्वी मीच करायचो ना असं. आणि दुसऱ्या दिवशी आठवायचं नाही. तू दाखवायचीस तेव्हा कळायचं. आताही मला काही आठवत नाही. खूप प्रयत्न केला. पण घरात दुसरं पिणारं कोण आहे? म्हटलं, म्हणजे मीच.”

रांगेतल्या कुठल्याही माणसाने मला हे वाक्य कधी ऐकवलं नव्हतं.

मासेवाला अवघडून उभा होता. त्याला जायचंही होतं आणि माशांचं काय ते कळायलाही हवं होतं. शेवटी तो म्हणाला, “वहिनी, माफ करा, पण दारू एका वेळी एकाच ठिकाणी असणार. साहेबांच्या पोटात गेली असती तर माझे मासे ठणठणीत असते. ती इथे आहे. सगळी इथे आहे.” आणि त्याने काचेवर हात ठेवला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. मी वळून पलंगाकडे बघितलं.

“मी ओतते,” सासूबाई म्हणाल्या.

कुणी काही विचारलं नाही, तरी त्या सांगत सुटल्या. “खोकल्याच्या औषधाचा तो पेला आहे ना, तेवढी. रोज दुपारी. मला ती बाटली हिच्या आधीच सापडली होती. मोरीत ओतली तर वास राहतो, पूर्वी एकदा पकडले गेले होते. कुंड्या तर आता नाहीतच. इथे पाणी सारखं फिरतंय, म्हटलं वास जाईल. आणि वरून नळाचं पाणी भरून ठेवायची, याला कळू नये म्हणून. ते दुधात पाणी घालणाऱ्यांच्या गोष्टी सांगून हिनेच शिकवलंय मला.”

“आई, त्यांनी सांगितलं होतं की कशासाठी आणलीय. तुम्ही ऐकलंत ना सगळं?” मी विचारलं.

“ऐकलं. त्यानंतर दोन पेले ओतायला लागले.” सासूबाईंनी बोटाने टाकीखालचं कपाट दाखवलं. “याचा बाप पाय चोळायला म्हणून आणायचा. मी कुणाकुणाचं ऐकू? हा परत प्यायला लागला तर तू जाशील. तू गेलीस तर मी याच्याकडे बघत बसू एकटी? काल बॅग बघितली आणि सांगणार होते, तर तू थांबली नाहीस.”

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण त्यांनी केलं ते मी केलेलंच होतं, फक्त माझ्याकडे काचेची नळी होती आणि त्यांच्याकडे औषधाचा पेला. दोघींनी मिळून एका माणसाला त्याच्या स्वतःच्या मनातून उतरवलं होतं.

“म्हणजे मी नव्हतो?” नवऱ्याने विचारलं. आधी आईला, मग मासेवाल्याला. मग माझ्याकडे वळून पुन्हा, अगदी हळू, “नव्हतो ना मी?”

रोज शेकडो लोकांच्या दुधावर मी चांगलं-वाईट सांगते आणि माझा शब्द कुणी मोडत नाही. त्या एका प्रश्नाला उत्तर द्यायला मात्र मी त्यांच्यासमोर खाली बसले.

“नव्हतात,” मी म्हटलं. “एक थेंबसुद्धा नाही.”

त्यांनी मान हलवली आणि हलवतच राहिले. मासेवाल्याने खाकरून कामाला सुरुवात केली. निम्मं पाणी बदला, हवेचा पंप लावा, खिडकी उघडी ठेवा आणि आता काही म्हणजे काही घालू नका, थेंबसुद्धा नाही, खायला मिळालं नाही की ते आपोआप मरतील, पाणी निवळेल. सासूबाई उठून बादल्या आणायला गेल्या. कुणीतरी काहीतरी करायला लागलं याचं सगळ्यांनाच बरं वाटलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात माझा भाऊ. हातात गाडीची किल्ली, चेहरा पडलेला.

“तू कसा काय आलास?” मी विचारलं. मी त्याला काहीही कळवलं नव्हतं.

त्याने माझ्या खांद्यावरून आत नवऱ्याकडे बघितलं. “दाजींनी बोलावलं. म्हणाले, लगेच ये आणि दोघींना घेऊन जा. सामान कुठंय?”

मी वळले. नवरा उभा राहिला होता. “रात्री तुझी बॅग दिसली, पहाटेच फोन केला होता,” ते म्हणाले. “तू रागात निघाली असतीस तर काहीच धड नेलं नसतंस. म्हणून पोरीचं मी काढून ठेवलं होतं.” आणि सवयीने, जणू अजून ते करायचंच आहे अशा रीतीने, त्यांनी दारामागची पिशवी उचलून माझ्यापुढे धरली.

मी ती घेतली. लेकीच्या शाळेची पुस्तकं होती, सगळी, विषयवार लावलेली. कंपासपेटी होती. आणि पुस्तकांवर, व्यवस्थित घडी घालून, तिचा लोकरीचा स्वेटर ठेवला होता. बाहेर उन्हाळा होता. थंडीला अजून किती महिने होते.

मी पिशवी छातीशी धरून सगळ्यांसमोर रडले. भाऊ दारातच उभा होता, त्याला काही कळत नव्हतं.

“बूट काढ आणि आत ये,” मी त्याला म्हटलं. “पाणी उपसायचंय.”